पेढीवरचा ब्राउझर: साधा ठेवायचा की एक्स्टेन्शन टाकायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याचं अडत दुकान, पेढीवर चार संगणक. जीएसटी, ई-वे बिल, नेट बँकिंग, बाजारभाव, सातबारा, सगळं ब्राउझरमधूनच चालतं. चिरंजीव पुण्याला इंजिनिअरिंगला आहेत, सुट्टीला आले की क्रोममध्ये दहा-बारा एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, टाकून जातात. ते गेले की कर सल्लागार येतात आणि म्हणतात, हे सगळं आधी काढा, ब्राउझर साधा ठेवा, यामुळेच डिजिटल सही लागत नाही. आता ऐकायचं कोणाचं?

मी सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात पेढ्या, पतसंस्था आणि दवाखान्यांचे संगणक सांभाळतो. हा वाद दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या टेबलावर ऐकतो, म्हणून निकाल आधी सांगतो आणि कारणं मागाहून. ज्या संगणकावरून पैसे हलतात आणि सह्या होतात, त्यावर एकही एक्स्टेन्शन नको. बाकीच्या तिन्हींवर जाहिराती अडवणारं एक एक्स्टेन्शन हवंच, ते काढायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. आणि ब्राउझर बनवणाऱ्यांनीच एक्स्टेन्शनचं दार बंद करून टाकावं का, असं विचाराल तर अजिबात नाही. ते दार राहायला हवं. तुमच्या पेढीवर त्याची किल्ली कोणाकडे असावी, एवढाच तुमचा प्रश्न आहे.

सल्लागारांचं म्हणणं आधी घेऊ, कारण त्यात अर्धं खरं आहे. एकेकाळी सही करण्यासाठी ब्राउझरच्या आतच जावा किंवा ॲक्टिव्हएक्सचा तुकडा चालायचा. ते प्लग-इन. ब्राउझरच्या घरात राहून थेट संगणकाला हात घालणारे, आणि म्हणूनच व्हायरसवाल्यांचे लाडके. क्रोमनं २०१५ मध्ये त्यांना कायमचं बाहेर काढलं, फायरफॉक्सनं २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकीच्यांना, आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशही गेलं. एक्स्टेन्शन ही जात वेगळी. ती ब्राउझरनं आखून दिलेल्या चौकटीत राहतात, सहीच्या यूएसबी टोकनला किंवा प्रिंटरला थेट शिवत नाहीत. पण त्या जुन्या काळात ज्यांचे हात पोळले ते आजही दोघांना एकाच तराजूत तोलतात.

मग आता सही लागते कशी? जीएसटीच्या पोर्टलसाठी एमसाइनर नावाचा एक छोटा प्रोग्राम तुमच्याच संगणकावर मागे चालू असतो. पोर्टलचं पान १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच संगणकाच्या आत, १५८५ क्रमांकाच्या पोर्टवर त्याला हाक मारतं. तो टोकनमधलं प्रमाणपत्र दाखवतो, तुम्ही पिन टाकता, सही होते. ‘सही लागत नाही’ अशी तक्रार आली की मी एक्स्टेन्शनकडे बघतसुद्धा नाही. आधी खाली घड्याळाजवळ एमसाइनरचं चिन्ह आहे का ते बघतो. नसेल तर तो ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून सुरू करतो. मग नव्या टॅबमध्ये तोच पत्ता पोर्टसकट उघडतो. ब्राउझर लाल पाटी दाखवतो, की हे प्रमाणपत्र ओळखीचं नाही. तिथं ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन पुढे जायला एकदा मंजुरी द्यायची, आणि पोर्टलवर परत येऊन पान ताजं करायचं. बहुतेक वेळा काम इथंच संपतं. ही मंजुरी फक्त याच पत्त्यासाठी बरं का. बँकेच्या पानावर लाल पाटी आली तर टॅब बंद करून सरळ बँकेत फोन लावायचा.

यात एक्स्टेन्शनचा दोष कधी असतो? असतो, दोन ठिकाणी. चलन किंवा पावती वेगळ्या खिडकीत उघडते आणि जाहिरात अडवणारं ती जाहिरात समजून दाबून टाकतं. आणि दुसरं जरा मजेशीर आहे. यूब्लॉक ओरिजिन या जाहिरात अडवणाऱ्या एक्स्टेन्शनमध्ये बाहेरच्या साइटना तुमच्या आतल्या नेटवर्कशी बोलू न देणारी एक यादी आहे. ती आपोआप चालू नसते, पण सेटिंग उघडून दिसेल त्या चौकोनात टिकमार्क करणारी हौशी मुलं असतातच. ती यादी चालू झाली की पोर्टलची एमसाइनरला हाक पोचतच नाही, आणि सल्लागार डोक्याला हात लावून बसतात. दोष त्या यादीचाही नाही. ती तिचं काम करतेय, अगदी चोख. आता तर एक्स्टेन्शन नसलं तरी हे होतं: क्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्या स्वतःच विचारतात, की ही साइट तुमच्या स्थानिक नेटवर्कवरच्या उपकरणांशी जोडू पाहतेय, परवानगी द्यायची का? घाईत कोणीतरी ‘ब्लॉक’ दाबतं आणि तिथून पुढं सही बंद. साइटच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी परत द्यावी लागते.

म्हणजे साध्या ब्राउझरलाही स्वतःची मतं असतात.

आता चिरंजीवांची बाजू. त्यांना सांगा की त्यांच्या बाजूला इतिहास भक्कम आहे. २००२ साली मोझिला या संस्थेच्या अवाढव्य सूटमधून, ज्यात ब्राउझर, मेल, वेबपानं बनवायचं साधन असं सगळं एकाच पोत्यात भरलेलं होतं, काही जणांनी फक्त ब्राउझर वेगळा काढला. त्याचं नाव आधी फिनिक्स, मग फायरबर्ड, आणि ९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्स १.०. त्यांचा हिशेब सरळ होता: गाभा लहान ठेवायचा, ज्याला जास्त पाहिजे त्यानं एक्स्टेन्शन टाकून घ्यायचं. नॉर्वेच्या ऑपेरा ब्राउझरनं नेमकं उलटं केलं. मेल आत, माउसच्या इशाऱ्यांवर चालणं आत, २००६ मध्ये तर टॉरेंटनं फाइल उतरवणंसुद्धा आत. ऑपेराचे चाहते आजही भेटले की त्याचं गुणगान सुरू होतं, आणि ते खोटं नाही, पण शेवटी २०१३ मध्ये ऑपेरानं स्वतःचं इंजिन सोडलं आणि क्रोमचाच पाया असलेल्या क्रोमियमवर जाऊन बसला.

फायरफॉक्सच्या वाटेनं जे मिळालं ते आज आपण सगळेच वापरतो. वेबसाइट बनवणाऱ्यांचं फायरबग हे २००६ सालचं एक्स्टेन्शन. आज कुठल्याही ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबलं की पानाच्या आतलं काम दाखवणारं जे साधन उघडतं, त्या कल्पनेनं बाळसं तिथंच धरलं. पद्मा नावाचं एक एक्स्टेन्शन होतं, ते जुन्या भारतीय फाँटांमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट वेगळा, तो उतरवून घेतला नाही तर बातमीच्या जागी नुसती चिन्हं, तो काळ ज्यांनी काढलाय त्यांना याची किंमत कळेल. कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं आपल्या अडचणीसाठी ब्राउझर बदलला नसता. एक्स्टेन्शनचं दार उघडं होतं म्हणून कोणीतरी ती सोय करून दिली. नुसता ‘साधा ब्राउझर’ असता तर साधेपणा कोणाच्या सोयीचा, हे तिकडच्या लोकांनीच ठरवलं असतं.

पण त्याच इतिहासात दुसरीही बाजू आहे. फायरफॉक्सची जुनी एक्स्टेन्शन ब्राउझरच्या पोटात हात घालून काहीही बदलू शकायची. त्यामुळे ती ताकदवान होती आणि त्याचमुळे ब्राउझरची नवी आवृत्ती आली की निम्मी मोडायची. नोव्हेंबर २०१७ मध्ये आवृत्ती ५७ आली आणि त्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शन एका दिवसात बाद झाली. क्रोमसारखी, आखीव चौकटीतली नवी पद्धत आली. लोकांनी आरडाओरडा केला, माझंही मन हळहळलं, पण निर्णय बरोबर होता. ब्राउझर अनेक प्रक्रियांमध्ये वाटून वेगवान करायचा तर कोणालाही पोटात हात घालू देऊन चालणार नव्हतं.

आता खऱ्या धोक्याकडे येतो, कारण एक्स्टेन्शन किती आहेत यापेक्षा ती काय मागतात हे महत्त्वाचं. एक्स्टेन्शन टाकताना एक छोटी खिडकी येते, ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ अशा अर्थाची. लोक ती न वाचता पुढे जातात. तिचा अर्थ शब्दशः घ्या. बँकेच्या पानावरची शिल्लक ते वाचू शकतं. तुम्ही खातं क्रमांक टाकत असताना तो बघू शकतं. पानावर दिसणारा आकडा बदलूनही दाखवू शकतं. कुलपाचं चिन्ह जागेवरच राहतं, कारण बँक ते ब्राउझर हा रस्ता सुरक्षितच असतो आणि हा गडी रस्त्यावर नाही, घरात बसलेला असतो.

आणि तो गडी बदलू शकतो. पेढीवर तुम्ही एक दिवाणजी ठेवलात, पारखून, ओळखीतून. समजा एक दिवस त्यानं त्याची जागा आणि तिजोरीच्या किल्ल्या परस्पर दुसऱ्याला विकल्या, आणि नवा माणूस तेच कपडे घालून त्याच गादीवर बसला. एक्स्टेन्शनच्या बाबतीत हे सर्रास होतं. ग्रेट सस्पेंडर नावाचं एक एक्स्टेन्शन न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवायचं. उत्तम चीज, लाखो लोक वापरायचे. मूळ लेखकानं २०२० मध्ये ते विकलं, घेणारा कोण ते कळलं नाही, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनं ते घातक ठरवून लोकांच्या ब्राउझरमधून काढलं. दुसरी तऱ्हा सायबरहेवनची. ही तर सुरक्षिततेचंच काम करणारी कंपनी. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या एका कर्मचाऱ्याला फसवा ई-मेल पाठवून चोरांनी एक्स्टेन्शन प्रकाशित करायचा अधिकार मिळवला आणि ऐन नाताळात बिघडवलेली आवृत्ती सगळीकडे पोचवली. वापरणाऱ्यांनी काहीही दाबलं नव्हतं. एक्स्टेन्शन आपोआप अद्ययावत होतात, तसं ते झालं.

म्हणून ‘मी बघूनच टाकतो’ हे चिरंजीवांचं उत्तर अपुरं आहे. त्यांनी बघितलं ते टाकायच्या दिवशी.

मग सगळं काढून टाकणं सोपं नाही का? सोपं आहे, पण पेढीवर बसणारी मुलं दिवसभर काय उघडतात ते बघा. हळदीचा बाजारभाव, हवामान, बातम्या, कुठल्यातरी मशिनचा कस्टमर केअर क्रमांक. या पानांवर जाहिरातीच खरा फास असतात. ‘डाउनलोड’ लिहिलेली तीन बटणं, त्यातलं खरं एकच. शोधनिकालात सगळ्यात वर पैसे मोजून बसलेला बनावट हेल्पलाइन क्रमांक. ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला’ असं ओरडणारी पूर्ण पडदाभर खिडकी. माझ्या टेबलावर येणारी जास्तीत जास्त प्रकरणं या तीन दारांनी आत आलेली असतात. जाहिराती अडवणारं एक चांगलं एक्स्टेन्शन ही तिन्ही दारं बरीचशी लावून घेतं, आणि चार जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर पानंही हलकी होतात. एक्स्टेन्शननं ब्राउझर जड होतो हा नियम इथं उलटा पडतो.

याच ठिकाणी मला क्रोमवाल्यांचा ‘साधेपणा’ खटकतो. एक्स्टेन्शनच्या नियमांची नवी आवृत्ती, मॅनिफेस्ट व्ही-३, त्यांनी सुरक्षितता आणि वेगाचं कारण देऊन आणली, आणि २०२४ च्या मध्यापासून टप्प्याटप्प्यानं जुनी एक्स्टेन्शन बंद केली. आधी जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन पानाची प्रत्येक मागणी स्वतः तपासून नको ती थांबवायचं. आता त्यानं नियमांची यादी आधीच ब्राउझरला द्यायची आणि थांबवायचं काम ब्राउझर करणार. कारण खोटं नाही: मागण्या तपासण्याची ती ताकद चोराच्या हाती गेली तर काय होतं ते वर सांगितलंच. पण जी कंपनी जाहिरातींवर जगते तिनंच जाहिरात अडवणाऱ्याचे हात आखूड करायचे, हा योगायोग मला पचत नाही. मूळ यूब्लॉक ओरिजिन क्रोममधून गेलं. त्याच लेखकाचं यूब्लॉक ओरिजिन लाइट तिथं चालतं, रोजच्या कामाला ते पुरतं, पण मूळचं बारीक नियंत्रण त्यात नाही. फायरफॉक्सनं जुनी ताकद चालू ठेवली आहे, तिथं पूर्ण यूब्लॉक ओरिजिन मिळतं. बाकी फायरफॉक्सही धुतल्या तांदळाचा आहे असं नाही. ४ मे २०१९ ला आपल्याकडे पहाटे मोझिलाचं एक प्रमाणपत्र नूतनीकरणाविना संपलं आणि जगभरातल्या फायरफॉक्समधली जवळजवळ सगळी एक्स्टेन्शन बंद पडली. दाराची किल्ली एकाच ठिकाणी ठेवली की असंही होतं.

आणि ज्याला आपण साधा ब्राउझर म्हणतो तो साधा असतो का? विंडोजबरोबर येणारा एज उघडून बघा. बाजूला पट्टी, खरेदीचे सल्ले, कूपन, बातम्यांचा रतीब, आणि वर एआयचा मदतनीस. यातलं एकही तुम्ही मागितलं नव्हतं. एक्स्टेन्शन निदान काढता तरी येतं.

तर चिरंजीवांनी टाकलेल्या एक्स्टेन्शनचं काय करायचं? मराठी टायपिंगचं एक्स्टेन्शन काढा. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठीचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, इन्स्क्रिप्ट तर त्याच्या कितीतरी आधीपासून. तो ब्राउझरबाहेर टॅली, वर्डमध्येही चालतो. स्क्रीनशॉटचंही काढा, विंडोज-शिफ्ट-एस दाबलं की झालं. कूपन शोधणारं तर आजच्या आज काढा. तुम्ही कुठं काय खरेदी करता हे बघणं हाच त्याचा धंदा असतो, आणि अडत दुकानाला कूपन काय कामाचं? डार्क मोडचं निरुपद्रवी वाटतं, पण तेही प्रत्येक पान वाचायची परवानगी मागतं. ज्याला डोळ्यांचा त्रास असेल त्यानं ते आपल्या एकट्याच्या संगणकावर ठेवावं.

पीडीएफ जोडायच्या एक्स्टेन्शनवर मात्र थांबून बोलतो, कारण त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. त्यातली बरीचशी तुमची फाइल दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरवर चढवतात, तिथं जोडतात आणि परत देतात. तुम्ही काय जोडता? बिलं, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, पॅन, आधार, रद्द केलेला चेक. शेतकऱ्यानं विश्वासानं दिलेला कागद असा फिरायला पाठवू नका. पीडीएफ जोडणारे ऑफलाइन प्रोग्राम फुकट मिळतात, ते एकदा टाकून घ्या.

व्हिडिओ उतरवणारं बहुधा ‘डेव्हलपर मोड’ चालू करून बाहेरून टाकलेलं असेल, कारण यूट्यूबवरून व्हिडिओ उतरवणारी एक्स्टेन्शन क्रोमच्या दुकानात चालू देत नाहीत. बाहेरून आलेल्या एक्स्टेन्शनला कोणीच तपासलेलं नसतं. ते काढा आणि डेव्हलपर मोडचं बटणही बंद करा.

पासवर्ड मॅनेजर सही-बँकेचा सोडून बाकीच्या संगणकांवर राहू द्या, जर तो नावाजलेला असेल आणि मुख्य पासवर्ड पेढीवर कोणाला तरी माहीत असेल. तो फक्त चिरंजीवांनाच माहीत असेल तर आधी पासवर्ड बाहेर काढून घ्या, मगच हात लावा. नाहीतर सौद्याच्या दिवशी ई-वे बिलाचं लॉगिन अडेल आणि पुण्याला फोन लावत बसावं लागेल.

आता मांडणी. बँक आणि सहीच्या संगणकावर एजच ठेवा, त्याच्या बाजूच्या पट्ट्या बंद करून, एक्स्टेन्शन शून्य. त्यावर बँक, जीएसटी आणि ई-वे बिल सोडून काही उघडायचं नाही. वेगळा संगणक देणं परवडत नसेल तर एकाच क्रोममध्ये दोन प्रोफाइल करा. प्रत्येक प्रोफाइलची एक्स्टेन्शन स्वतंत्र असतात. कामाच्या प्रोफाइलला वेगळा रंग द्या म्हणजे चुकून दुसऱ्यात बँक उघडली जाणार नाही. बाकी तिन्हींवर फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन, त्याच्या सेटिंगला हात न लावता. क्रोमच ठेवायचं असेल तर लाइट. एखादं एक्स्टेन्शन ठेवणं भागच पडलं तर त्याच्या तपशिलात जाऊन ‘साइट ॲक्सेस’ हा ‘क्लिक केल्यावरच’ असा करा. मग ते तुम्ही बोलावल्याशिवाय कुठल्याही पानात डोकावत नाही. ब्राउझर मंदावला तर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. कोणता टॅब आणि कोणतं एक्स्टेन्शन किती मेमरी खातंय ते ओळीनं दिसतं, अंदाजानं एकेक काढत बसायला नको.

काढलेली एक्स्टेन्शन दोन दिवसांत परत येतात अशी तक्रार तुमचीही असेल, तर त्याचं कारण व्हायरस असेलच असं नाही. क्रोममध्ये चिरंजीवांचं गूगल खातं सिंक करून ठेवलेलं असतं. ते पुण्यात आपल्या लॅपटॉपवर काही टाकतात आणि ते सांगलीच्या पेढीवर उमटतं. त्यांचे पासवर्डही तसेच पेढीवर उमटतात, हे त्यांच्या लक्षात आणून द्या. मग सिंक बंद करायला ते स्वतःच पुढे येतील. पेढीच्या संगणकांवर पेढीचंच खातं असावं, किंवा कुठलंच नसावं.

आणि किल्लीचं म्हणालो ते असं. क्रोम आणि एज दोन्हींना विंडोजच्या रजिस्ट्रीतून, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीतून, धोरण लावता येतं: सगळी एक्स्टेन्शन बंद, फक्त अमुक एक चालू. फायरफॉक्सला हेच एका छोट्या फाइलमधून सांगता येतं. धोरण लावल्यावर क्रोमच्या मेनूत ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ अशी ओळ दिसायला लागते, ती बघून घाबरू नका. मात्र तुम्ही काहीच लावलेलं नसताना ती दिसली तर संगणक तपासून घ्या, कारण घातक सॉफ्टवेअरही याच मार्गानं आपलं एक्स्टेन्शन पक्कं बसवतं. धोरण लावायचं काम चिरंजीवांनाच द्या. त्यांना येतं, आणि नियम त्यांनीच लावला की मोडायलाही जरा जड जातं. चालू ठेवलेल्या एक्स्टेन्शनची यादी सल्लागारांना व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.

मोबाइलचं वेगळं आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाहीत, फायरफॉक्सनं मात्र डिसेंबर २०२३ पासून मोबाइलवरही ती खुली केली आहेत. बाजारभाव आणि बातम्या मोबाइलवर बघणाऱ्यांनी फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन घ्यावं. बँकेसाठी बँकेचं ॲप आहेच, तिथं ब्राउझर मध्ये आणायची गरज नाही.